टर्बो शाबूत होता: चोपडा–रावेर रस्त्यावरच्या दोन गाड्यांचं प्रकरण

गाडी गॅरेजला आली तीच "टर्बो गेलाय" असं निदान घेऊन. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारी चकती. निदान मालकानेच केलं होतं, आमच्याकडे फक्त इलाज आणि खर्चाचा अंदाज हवा होता. गाडी होती फियाटची अबार्थ पुंटो. पुण्याजवळच्या रांजणगावात बनलेली, 2015 च्या ऑक्टोबरात बाजारात आलेली आणि फार थोडी खपलेली. 1.4 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 145 एचपी, पाच गिअर हाताने टाकायचे. कंपनीचा दावा 0 ते 100 किलोमीटर 8.8 सेकंदांत. त्या काळात दहा लाखांच्या आत एवढी ताकद दुसरी कुठलीच गाडी देत नव्हती, म्हणून ज्यांनी घेतली ते आजही सोडायला तयार नाहीत. जळगावचा हा मालक त्यातलाच.

तक्रार अशी. आखाजीनंतरच्या लग्नसराईत हे लोक चोपड्याहून रावेरला निघाले होते. पुढे मामांची टोयोटा कॅमरी, 2.5 लिटर, ऑटोमॅटिक. आत चौघं, डिकीत आहेराच्या साड्या आणि भांडी. मागे भाचा, म्हणजे हा मालक, अबार्थ घेऊन, सोबत एक मित्र. अंकलेश्वर–बऱ्हाणपूर हा रस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. यावल, फैजपूर, सावदा करत जाणारा दुपदरी रस्ता, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा आणि रस्त्यावर केळीचेच ट्रक. फैजपूरच्या अलीकडे असाच एक भरलेला ट्रक पन्नासच्या वेगाने चाललेला. समोर मोकळं दिसल्यावर मामांनी पाय दाबला आणि कॅमरी सहज पुढे निघून गेली. भाच्याने त्यांच्यामागोमाग गाडी बाहेर काढली, अ‍ॅक्सिलेटर पूर्ण दाबला आणि गाडी हललीच नाही. म्हणजे चालत होती, पण वेग धरेना. समोरून पिकअप व्हॅन येताना दिसली तशी त्याने ब्रेक मारून गाडी परत ट्रकच्या मागे घातली.

रावेरच्या मांडवात मामांनी चारचौघांत ऐकवलं, "तुनी गाडी नुसता आवाज करस रे!" ते भाच्याला लागलं. गॅरेजला येण्यामागे गाडीची काळजी निम्मी आणि हे वाक्य निम्मं होतं, असा माझा अंदाज आहे.

आता कागदावर ही घटना घडायलाच नको होती. अबार्थचं रिकामं वजन सव्वा टनाच्या आसपास, कॅमरीचं दीड टन. कॅमरीची ताकद सुमारे 180 एचपी. भागाकार केला तर टनामागे दोघींना जवळपास सारखीच, म्हणजे 120 एचपीच्या आतबाहेर ताकद मिळते. माणसं आणि सामान धरलं तर त्या दिवशी कॅमरी सुमारे 1.8 टनांची झाली होती आणि अबार्थ 1.37 ची. म्हणजे टनामागे कॅमरीला 100 आणि अबार्थला 106. थोडं का होईना, माप भाच्याच्याच बाजूला झुकत होतं. मग "टर्बो गेला" असं त्याला वाटलं यात त्याचं काही चुकलं नाही.

तपासणी

टर्बोच्या गाडीला पिकअप नाही म्हटलं की तपासायच्या जागा ठरलेल्या असतात. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा भाग) आणि तिथून इंजिनपर्यंत जाणारे रबरी होज पाइप, त्यांच्या क्लिपा, वेस्टगेटचा (टर्बोकडचा जादा धूर वळवणाऱ्या झडपेचा) दांडा, प्लग, एअर फिल्टर. होज कुठे चिरला असेल तर दाबाखाली हवा तिथून निसटते आणि शिट्टीसारखा आवाज येतो. इथे होज धड होते, क्लिपा घट्ट होत्या. टर्बोची पाती हाताने फिरवून पाहिली, मोकळी फिरत होती, खेळ नव्हता, पाइपात तेल नव्हतं. एअर फिल्टर मात्र धुळीने राखाडी झालेला. आपल्याकडे मार्च ते जून शेतरस्त्यांवर जी माती उडते तिच्यात कुठलाही फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरपर्यंत टिकत नाही. तो बदलला. पण तेवढ्याने ही तक्रार मिटणारी नव्हती.

खरी गंमत स्कॅनर लावल्यावर दिसली. गाडीच्या सॉकेटला स्कॅनर लावला की इनटेकमधला, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेतला, हवेचा दाब चालत्या गाडीत पाहता येतो. जळगाव समुद्रसपाटीपासून दोनशे-सव्वादोनशे मीटरवर, त्यामुळे बाहेरच्या हवेचा दाब इथे साधारण 98 ते 99 किलोपास्कल असतो. मी शेजारी बसलो आणि त्याला म्हटलं, फैजपूरला केलंस तसंच कर. त्याने पन्नासच्या वेगाला, चौथ्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलेटर एकदम तळापर्यंत नेला. दाबाचा आकडा झटक्यात 98 वर गेला आणि तिथेच बसला. आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, काटा दीड हजाराच्या पुढे रेंगाळत होता. आकडा 101, 104, 108 असा जिना चढल्यासारखा सरकत राहिला. काटा दोन हजारांच्या पुढे गेल्यावर कुठे तो भराभर वर चढला आणि सीटने पाठीला धक्का दिला. म्हणजे टर्बो होता, शाबूत होता, कामही करत होता. त्याला हवा ती गोष्ट उशिरा मिळत होती एवढंच.

टर्बो फिरतो तो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर. इंजिन हळू फिरत असेल तर धूर थोडा, मग टर्बोची चकती मंद, मग आत ढकलली जाणारी हवा कमी, मग धूर पुन्हा थोडाच. या फेऱ्यातून बाहेर पडायला एक तर आरपीएम वाढावे लागतात, नाही तर वेळ द्यावा लागतो. शेतात मोटर चालू केल्यावर शेवटच्या ड्रिपरपर्यंत पाणी पोहोचायला जो वेळ लागतो तसलाच हा प्रकार. इथे दोन गोष्टी लोक एक करून टाकतात. एका ठरावीक आरपीएमच्या खाली टर्बोला पुरेसा धूरच मिळत नाही, ती त्याची खालची हद्द. हद्दीच्या वर असूनही चकतीला वेग घ्यायला जो क्षण लागतो, तो लॅग. भाच्याच्या गाडीला त्या दिवशी दोन्ही एकापाठोपाठ भोगावे लागले.

आपल्या भागात बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा चालवलेल्यांना टर्बो नवा नाही. त्या डिझेल गाड्यांतही हेच होतं. पण तिथे इंजिन मोठं, दोन-अडीच लिटरचं, टर्बो जागा होईपर्यंतही काहीतरी ओढ असते. आणि माणूस सवयीने गिअर उतरवतो. 1.4 लिटरच्या पेट्रोल इंजिनाला बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा जादा दाब, नसेल तर ते फक्त 1.4 लिटरचं साधं इंजिन असतं.

हिशेब

एचपी काढायचं सूत्र सोपं आहे: टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवायचा जोर, न्यूटन मीटरमध्ये घ्या, आरपीएमने गुणा, 7127 ने भागा. अबार्थचा जास्तीत जास्त टॉर्क 212 न्यूटन मीटर, 2000 ते 4000 आरपीएमच्या दरम्यान. जाहिरातीत हाच आकडा मोठ्या अक्षरात असायचा. दोन हजारला पूर्ण बूस्ट धरला तर ताकद होते 60 एचपी. चौथ्या गिअरमध्ये दीड हजाराला, बूस्ट नसताना, टॉर्क 110 च्या आसपास धरू. ताकद फक्त 23 एचपी. 145 एचपीची गाडी ट्रकच्या बाजूला निघाली तेव्हा तिच्या हातात 23 एचपी होते. वजन 1.37 टन. ती हलली नाही यात नवल कसलं?

तिकडे मामांच्या गाडीत काय झालं? मामांची एक सवय मला फार आवडते, ओव्हरटेकला ते अर्धवट दाबत नाहीत, पाय तळाला टेकवतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सने तो इशारा घेतला, अर्ध्या-पाऊण सेकंदात दोन-तीन गिअर खाली उतरला आणि इंजिन साडेतीन हजारांकडे गेलं. कॅमरीचा जास्तीत जास्त टॉर्क 233 न्यूटन मीटर, 4100 आरपीएमला. साडेतीन हजारला 220 धरले तरी 108 एचपी होतात, आणि 4100 ला 134. टर्बो नाही, वाट पाहायची नाही. मोठ्या इंजिनाने आपल्या आकाराएवढी हवा पहिल्याच फेरीला आत घेतली.

पन्नासवरून ऐंशीवर जायला किती वेळ लागेल याचा अंदाज वजन आणि ताकदीवरून बांधता येतो. गिअरबॉक्समध्ये आणि चाकांपर्यंत पोहोचताना होणारी तूट धरली आहे, हे कागदावरचे अंदाज आहेत. अबार्थ चौथ्या गिअरमध्ये: सात सेकंदांच्या वर. तिसऱ्या गिअरमध्ये, जिथे पन्नासला काटा दोन हजारांच्या आसपास असतो: पाच सेकंदांच्या थोडं वर. दुसऱ्या गिअरमध्ये: तीन ते सव्वातीन. कॅमरी, चार माणसं आणि भांड्यांसकट, गिअर उतरायचा वेळ धरून: पावणेचार.

तीनच ओळी पुन्हा वाचल्या तर प्रकरण उलगडतं. एकच गाडी, एकच टर्बो, आणि फक्त गिअरच्या निवडीने वेळ दुपटीहून जास्त बदलतो. दुसऱ्या गिअरमध्ये अबार्थ कॅमरीच्या पुढे जाते. चौथ्यात ती साडेतीन सेकंद मागे पडते. समोरून ऐंशीने येणारी गाडी आणि आपली सरासरी पासष्ट, म्हणजे दोघांमधलं अंतर सेकंदाला चाळीस मीटरने कमी होतं. साडेतीन सेकंद म्हणजे 140 मीटर. फैजपूरला ती पिकअप व्हॅन दिसल्यावर परत मागे यायचा त्याचा निर्णय अगदी बरोबर होता. तिथे हट्ट केला असता तर हे लिहायची वेळच आली नसती.

मग 8.8 सेकंदांचा दावा खोटा का? नाही. पण तो आकडा कसा निघतो ते पाहायला हवं. चाचणी घेणारा गाडी जागेवर उभी करतो, क्लच दाबून इंजिन तीन-चार हजारांवर नेतो, आणि मग क्लच सोडतो. इंजिन सुरुवातीपासूनच टर्बोच्या हद्दीच्या वर असतं, पुढे प्रत्येक गिअर लाल रेषेजवळ बदलला की आरपीएम कधी खाली येतच नाहीत. ज्या अवस्थेत भाचा फैजपूरला अडकला ती अवस्था त्या चाचणीत औषधालाही नसते. अमेरिकेतलं 'कार अँड ड्रायव्हर' हे मासिक म्हणूनच दोन आकडे देतं: एक उभ्यावरून 60 मैलांपर्यंत, दुसरा ताशी 5 मैलांच्या संथ चालीवरून 60 पर्यंत. दुसऱ्यात क्लच सोडण्याची कसरत करता येत नाही. लहान इंजिनाच्या, हाताने गिअर टाकायच्या टर्बो गाड्यांत या दोन आकड्यांत एक सेकंद किंवा त्याहून जास्त फरक पडल्याचं त्यांच्या तक्त्यांत वारंवार दिसतं. बिनटर्बोच्या मोठ्या इंजिनाच्या ऑटोमॅटिक सेडानमध्ये तो फरक किरकोळ असतो. शिवाय अमेरिकन चाचण्यांत पहिला एक फूट मोजतच नाहीत, त्यात साधारण तीन दशांश सेकंद वाचतात. त्यांचे आकडे आपल्याकडच्या आकड्यांशेजारी ठेवताना हे लक्षात ठेवावं.

आपल्याकडच्या मोटार मासिकांची पद्धत त्यातल्या त्यात बरी. ती 20 ते 80 आणि 40 ते 100 असे चालत्या गाडीचे आकडे देतात. पण तिथे एक खोच आहे आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. हाताने गिअर टाकायच्या गाडीत 20 ते 80 तिसऱ्या गिअरमध्ये आणि 40 ते 100 चौथ्या गिअरमध्ये, गिअर न बदलता घेतात. ऑटोमॅटिकमध्ये मात्र गिअरबॉक्सला हवे ते गिअर उतरू देतात. दोन्ही आकडे एकाच रकान्यात छापले जातात. म्हणजे एका पहिलवानाचे पाय बांधलेले असताना आपण कुस्तीचा निकाल वाचतोय. गाडीची लवचिकता पाहायला तो आकडा उत्तम, कोण जास्त वेगवान हे ठरवायला निरुपयोगी.

ऊन

मामांनी चारचौघांत बोलून दाखवलं ते मे महिन्याच्या दुपारी, हेही या प्रकरणात मोजायला हवं. जळगाव-भुसावळकडे पारा 44–45 ला जातो. 25 अंशांच्या हवेपेक्षा 45 अंशांची हवा सहा टक्क्यांनी विरळ असते, म्हणजे कॅमरीसारख्या बिनटर्बोच्या इंजिनाची ताकदही जवळपास तेवढी घटते. टर्बोवाल्याला वाटतं आपण यातून सुटलो, टर्बो कमी पडेल तेवढी हवा कोंबेल. अर्ध खरं आहे. पण हवा दाबली की तापते. बाहेरच्या दाबाच्या 1.8 पट दाबली तर 45 अंशांची हवा टर्बोतून बाहेर पडते तेव्हा 125–130 अंशांवर गेलेली असते. ती थंड करायला इंटरकूलर असतो, पण तो बाहेरच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, आणि ट्रकच्या मागे पंधरा मिनिटं रखडत असताना त्याच्यावर वाराही पुरेसा येत नाही, त्यात ट्रकच्या सायलेन्सरची गरम हवा. आत जाणारी हवा इतकी तापली की इंजिन ठोकू नये, म्हणजे आत इंधन अवेळी पेटू नये, म्हणून कॉम्प्युटर ठिणगी उशिरा पाडतो आणि ताकद आणखी घटते. वर एसीचा कॉम्प्रेसर चालू. 1.4 लिटरच्या इंजिनाला, विशेषतः बूस्ट येण्याआधी, तो 2.5 लिटरपेक्षा कितीतरी जास्त जाणवतो.

म्हणून मी त्याला पहाटे बोलावलं. मामांनाही. नशिराबादच्या पुढे चौपदरी रस्त्यावर, रहदारी नसताना, एकेक गाडी घेऊन. शर्यत नाही, शेजारी-शेजारी तर अजिबात नाही. मोबाइलने स्पीडोमीटरचं चित्रीकरण केलं आणि नंतर टेबलावर बसून काटा 50 वरून 80 वर जाईपर्यंतच्या फ्रेमा मोजल्या. स्पीडोमीटर थोडा जास्तच दाखवतो, त्यामुळे आकड्यांना शपथेचं मोल नाही, पण क्रम कळायला तेवढं पुरतं. क्रम हिशेबातलाच निघाला: अबार्थ दुसऱ्यात सगळ्यात आधी, मग कॅमरी, मग अबार्थ तिसऱ्यात, आणि चौथ्यातली अबार्थ इतकी मागे की मामा हसले. पहाटेच्या हवेत दुसऱ्या गिअरमध्ये पुढची चाकं किंचित घसरत होती, हे भाच्याने मामांना दोनदा दाखवलं.

मामांनी एक प्रश्न विचारला तो मुद्द्याचा होता. "म्हणजे गाडी चांगली, चालवणारा कच्चा?" तसं म्हणणं मला पटत नाही. ट्रकच्या मागे पन्नासला चौथा गिअर टाकून चालणं ही मायलेजची शहाणी सवय आहे, बहुतेक जण तेच करतात. मोठ्या इंजिनाची ऑटोमॅटिक गाडी त्या सवयीला माफ करते, कारण गिअर उतरवायचं काम ती स्वतः करते. हाताने गिअर टाकायची लहान टर्बो गाडी ते काम चालकावर सोडते, तेही ओव्हरटेक सुरू करायच्या आधी. ट्रकच्या शेजारी गेल्यावर गिअर शोधायचा नसतो, मागे असतानाच दुसरा टाकून काटा तीन हजारांवर आणून ठेवायचा, अ‍ॅक्सिलेटर हलका दाबलेला असावा म्हणजे चकती आधीच फिरत राहते, मगच इंडिकेटर देऊन बाहेर पडायचं. तीन हजारला पूर्ण बूस्टवर ही गाडी 89 एचपी देते. 23 आणि 89 मधला फरक दोन गिअरांचा आहे.

मोठं इंजिन म्हणजेच चांगलं, असंही यावरून कुणी धरू नये. आजच्या टर्बो सेडान वेगळ्या आहेत. स्कोडा स्लाव्हियाचं 1.5 लिटर इंजिन 250 न्यूटन मीटर टॉर्क 1600 आरपीएमलाच देतं, 2023 च्या ह्युंदाई व्हर्नाचं टर्बो इंजिन 253 न्यूटन मीटर 1500 ला, आणि दोन्ही दोन क्लचच्या ऑटोमॅटिकसह मिळतात, गिअर त्या स्वतः उतरवतात. त्यांच्यापुढे ही जुनी कॅमरी टिकणार नाही. आणि हेच दोघं मामा-भाचे तोरणमाळला गेले तर गणित आणखी बदलेल. साडेअकराशे मीटरवर हवेचा दाब सुमारे बारा टक्क्यांनी कमी असतो. कॅमरी तेवढी ताकद गमावते. अबार्थचा टर्बो जरा जास्त फिरून ती तूट बरीचशी भरून काढतो, आणि घाटात माणूस तसाही दुसऱ्या गिअरमध्येच असतो. सपाट खानदेशात टर्बोचा हा गुण वापरायची संधीच येत नाही.

बिल एअर फिल्टरचं आणि स्कॅनिंगचं झालं. भाच्याला मात्र त्यावर रीमॅप करून घ्यायचं होतं, इंजिनाच्या कॉम्प्युटरचं प्रोग्रामिंग बदलून बूस्ट वाढवायचा. मी नको म्हटलं. रीमॅपने वरची ताकद वाढते, तीन हजारांच्या पुढे. दीड हजाराला टर्बोला धूरच मिळत नसेल तर कॉम्प्युटरला कितीही जास्त बूस्ट मागायला लावला तरी तो येणार कुठून? आणि 45 अंशांत जास्त बूस्ट म्हणजे जास्त तापलेली हवा, गिअरबॉक्स आणि क्लचवर जास्त ताण, शिवाय या गाडीचे सुटे भाग आता सहज मिळत नाहीत. खर्च करायचाच असेल तर आधी टायर बदल, पुढचे दोन्ही कडेला घासलेत, आणि इंटरकूलरच्या पुढची जाळी धुऊन घे, तिच्यात किडे आणि माती गच्च बसली आहे. जाळी त्याने तिथेच पाइप लावून धुतली. टायरचं बघू म्हणाला. रीमॅपसाठी त्याने दुसरीकडे चौकशी केल्याचं नंतर कानावर आलं.